युद्ध म्हणायचे की नाही?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. मॉस्कोच्या सरकारी भाषेत मात्र ते युद्ध नव्हते, 'विशेष लष्करी कारवाई' होती! ४ मार्चला कायदाच झाला : सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरविणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत कैद. खोटे कोणते, हे अर्थातच सरकार ठरविणार.

त्याच महिन्यात मॉस्कोतील एका प्रभाग मंडळाच्या बैठकीत विषय होता मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा. युक्रेनमध्ये मुले मरत असताना येथे स्पर्धा कसली, असे अलेक्सेई गोरिनोव या सभासदांनी विचारले. जुलैमध्ये त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयातील काचेच्या पिंजऱ्यातूनही त्यांनी फलक दाखविला. हे युद्ध तुम्हांला अजून हवे आहे काय, असा त्यावर सवाल होता. रस्त्यात कोरा कागद धरून उभे राहणाऱ्यांनाही पोलिसांनी उचलले. कोऱ्या कागदात आक्षेपार्ह काय, हे त्या पोलिसांनाच ठाऊक!

युक्रेनमधील वाद निराळा. युद्धास युद्ध म्हणण्यास तेथे कोणाचीच ना नव्हती. प्रश्न होता, लढायचे कोणी आणि किती दिवस? लष्करी कायद्यामुळे निवडणुका लांबल्या, तरी हा वाद थांबला नाही. सक्तीच्या भरतीचे वय २७ वरून २५ वर आणणारे विधेयक संसदेने २०२३ साली संमत केले. त्यावर राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांची सही झाली ती एप्रिल २०२४ मध्ये. दरम्यान सैनिकांच्या बायका कीव्हच्या चौकात उभ्या राहून नवऱ्यांच्या सुटकेची मुदत मागत होत्या. ३६ महिन्यांच्या सेवेनंतर मोकळे करण्याचे कलम भरतीच्या नव्या विधेयकातून त्याच एप्रिलमध्ये वगळण्यात आले.