लोकल नेमकी कुठे आहे?

मुंबईच्या उपनगरी मार्गावर गाडीचा ठावठिकाणा मुख्यतः रुळांवरूनच कळतो, आणि त्यामागचे तत्त्व अमेरिकी अभियंता विल्यम रॉबिन्सन याने 1872 मध्ये शोधलेल्या ‘ट्रॅक सर्किट’चे, म्हणजे रुळांमधूनच वाहणाऱ्या विद्युतमंडलाचे आहे. मार्गाचे विद्युतरोधक सांध्यांनी तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाकडून सोडलेला सौम्य प्रवाह दुसऱ्या टोकाच्या रिलेला, म्हणजे विद्युतचुंबकीय कळीला, उचलून धरतो; गाडी त्यावर येताच चाके व आस दोन्ही रूळ जोडून प्रवाहाला जवळची वाट देतात, रिले खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ तुटला किंवा तार निखळली तरीही रिले पडतोच, त्यामुळे बिघाडाचा कौल सहसा गाडी थांबवण्याच्या बाजूने लागतो, आणि या रचनेचे खरे शहाणपण यातच आहे. पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले की रिकामा मार्गही व्यापलेला दिसू लागतो. म्हणून काही ठिकाणी चाके मोजणारे ‘ॲक्सल काउंटर’ बसवले जातात.

मात्र रुळाला गाडी आल्याचे कळते, ती अंधेरीची की विरारची हे कळत नाही. ती ओळख संगणकीय गाडी व्यवस्थापन प्रणाली जपते: सुटतानाच जोडलेला गाडीचा क्रमांक ती एका तुकड्यावरून पुढच्या तुकड्यावर सरकवत नेते, आणि फलाटावरच्या इंडिकेटरला माहिती पुरवते. भ्रमणध्वनीवरील ‘यात्री’ ॲपमध्ये दिसणारे लोकलचे स्थान मात्र गाडीतील उपग्रहाधारित जीपीएस यंत्रावरून येते. सिग्नलचा निर्णय त्यावर सोपवलेला नाही.