विश्लेषण : झोपूनही न जाणारा थकवा... ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’च्या रुग्णांना आधार कशाचा?

बाजारातून भाजी आणली, तासभर ऑनलाइन मीटिंग केली आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठता आले नाही. रक्ताच्या तपासण्या मात्र सगळ्या ‘नॉर्मल’. ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ अर्थात ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ (एमई) या आजाराच्या रुग्णांचा हा नेहमीचा अनुभव आहे. हा आजार बरा करणारे औषध अद्याप नाही. त्यामुळे योग्य सल्ला आणि भोवतालच्या माणसांची साथ यांवरच रुग्णाची भिस्त असते. मात्र ‘रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा’ हा वर्षानुवर्षे दिला गेलेला सल्लाच ब्रिटनला २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. असे का झाले आणि रुग्णांना नेमकी कोणती मदत उपयोगी पडते?

हा नेहमीचा थकवा का नाही?

दिवसभराच्या दगदगीनंतर येणारा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. या आजारात आठ-नऊ तास झोपूनही ताजेतवाने वाटत नाही. विस्मरण होते, शब्द आठवत नाहीत, वाचलेले डोक्यात शिरत नाही. अनेकांना उभे राहिल्यावर चक्कर येते किंवा छातीत धडधडते. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे श्रमानंतर प्रकृती ढासळणे. हे श्रम शारीरिक असतील, बौद्धिक असतील किंवा भावनिक. त्रास लगेच न होता अनेकदा १२ ते ४८ तासांनी सुरू होतो आणि काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. त्यामुळे कशाने त्रास झाला हे रुग्णाच्याही पटकन लक्षात येत नाही.

अनेकांमध्ये हा आजार विषाणू संसर्गानंतर सुरू होतो. करोनानंतर ‘लाँग कोविड’च्या अनेक रुग्णांमध्ये हीच लक्षणे दिसल्याने त्याची चर्चा वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली होती. एडिनबरा विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील ‘डीकोडएमई’ या प्रकल्पाने १५ हजारांहून अधिक रुग्णांचे जनुकीय नमुने तपासले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले. आजाराशी संबंध असलेली आठ ठिकाणे जनुकसंचात आढळली असून त्यांतील काहींचा संबंध रोगप्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी आहे. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून घेणाऱ्या रुग्णांसाठी हा मोठा दिलासा ठरला.

व्यायामाचा सल्ला मागे का घेतला?

‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली ६४१ रुग्णांवरील ‘पेस’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि वर्तन उपचार यांनी रुग्ण सुधारतात, असा तिचा निष्कर्ष होता. रुग्ण संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले. प्रकरण लवादापर्यंत गेले आणि २०१६ मध्ये चाचणीची माहिती खुली करावी लागली. चाचणीच्या मूळ आराखड्यातील निकष लावून फेरतपासणी केली असता ‘बरे झालेल्या’ रुग्णांचे प्रमाण बरेच कमी भरले.

अखेर ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. समुपदेशन आणि वर्तन उपचार आजाराशी जुळवून घेण्यासाठी देता येतील, पण तो आजार बरा करण्याचा उपाय नव्हे, असेही त्यात नमूद आहे.

मग ‘पेसिंग’ म्हणजे काय?

अंथरूण पाहून पाय पसरावे, तशी अंगातली ताकद पाहून कामे आखणे म्हणजे पेसिंग. थकल्यावर नव्हे, तर थकण्याआधीच विश्रांती घ्यायची. स्वयंपाकाची तयारी बसून करायची, आंघोळीला स्टूल वापरायचे, एका दमात होणारे काम तीन तुकड्यांत करायचे. फोनवर बोलणे, स्क्रीन पाहणे, हिशेब करणे यांतही शक्ती खर्च होते, हे धरून चालायचे. आज बरे वाटतेय म्हणून साचलेली सगळी कामे उरकण्याचा मोह सर्वांत महागात पडतो. रोजची कामे, झोप आणि त्रास यांची वहीत नोंद ठेवली, तर आपली मर्यादा कळू लागते. काही जण त्यासाठी स्मार्टवॉचवरील हृदयाचे ठोके आणि पावलांची संख्या पाहतात.

पेसिंगने आजार बरा होत नाही, पण प्रकृती वारंवार ढासळणे कमी होऊ शकते. झोपेच्या तक्रारी, वेदना, उभे राहिल्यावर येणारी चक्कर यांवर मात्र डॉक्टर स्वतंत्र उपचार देऊ शकतात.

गंभीर रुग्णांची स्थिती काय?

काही रुग्ण नोकरी सांभाळू शकतात, तर काहींना प्रकाश आणि आवाजही सहन होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या काहींना नळीवाटे अन्न द्यावे लागते. ब्रिटनमधील एक्झिटर येथे २०२१ मध्ये २७ वर्षांच्या तरुणीचा या आजारामुळे झालेल्या कुपोषणाने मृत्यू झाला. अशा रुग्णांसाठी इंग्लंडमध्ये विशेष खाटा नाहीत आणि डॉक्टरांचे प्रशिक्षणही अपुरे आहे, याकडे चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये लक्ष वेधले.

भारतात निदान करताना काय पाहावे?

एका तपासणीत या आजाराचे निदान होत नाही. त्यामुळे थकव्याची इतर कारणे आधी तपासणे गरजेचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य ही कारणेही पडताळावी लागतात. गोव्यातील महिलांच्या एका पाहणीत (२००५) सुमारे १२ टक्के महिलांनी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकवा असल्याचे सांगितले होते. असा प्रत्येक थकवा म्हणजे हा आजार नव्हे, पण तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. ‘नाइस’नुसार लक्षणे तीन महिने टिकल्यास, तर अमेरिकी निकषांनुसार सहा महिन्यांनंतर निदान करता येते.

मदत कुठे मिळेल?

- ‘नाइस’ची मार्गदर्शक तत्त्वे इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ती आपल्या डॉक्टरांना दाखवता येतील.
- ब्रिटनमधील ‘एमई असोसिएशन’ आणि ‘ॲक्शन फॉर एमई’, तसेच अमेरिकेतील ‘बेटमन हॉर्न सेंटर’ या संस्था रुग्ण आणि डॉक्टरांसाठी माहिती प्रसिद्ध करतात. ती इंग्रजीत आहे.
- घराबाहेर पडणे अवघड असल्यास केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेवर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.
- दीर्घ आजारपणामुळे मन खचत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.
- दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही. त्यामुळे सवलतींसाठी रुग्णांना बहुतांशी कार्यालय किंवा महाविद्यालयाच्या समजुतीवर अवलंबून राहावे लागते. घरून काम, लवचीक वेळ, परीक्षेत मधली विश्रांती अशा ठोस मागण्या डॉक्टरांच्या पत्रासह लेखी केलेल्या बऱ्या.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

‘जरा बाहेर पड, फिरून आलीस की बरे वाटेल’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. पण या आजारात तोच फेरफटका दोन दिवस अंथरुणात काढायला लावू शकतो. रुग्ण काल हसत-बोलत होता म्हणून आज नाटक करतो आहे, असेही नसते; आजचा त्रास हा कालच्या श्रमांचा परिणाम असू शकतो. ‘आज किती जमेल?’ असे विचारून उरलेले काम वाटून घेणे, ही घरातल्या कुणालाही आजपासून करता येण्याजोगी मदत आहे.