सुतकातले दिवस

घरातलं माणूस गेलं की महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू घरांत त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे किंवा सोयरे पिठलं-भात घेऊन येतात आणि ज्याला घास उतरत नाही त्यालाही पानावर बसवतात.

सुतक साधारण १० दिवसांचं. गेलेल्याच्या जागी दिवा तेवत ठेवतात. त्यात तेल घालत राहणं हे कुणाचं तरी काम होऊन बसतं. काही घरांत गरुडपुराण वाचतात. अस्थी विसर्जनासाठी नाशिकच्या रामकुंडावर दूरदूरहून लोक येतात.

खरा कस दहाव्याला. घाटावर पिंड मांडून कावळ्याची वाट पाहायची. तो शिवेना, की कुजबुज सुरू होते: काय राहून गेलं असेल? धाकटीचं लग्न? म्हातारीचा सांभाळ? मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतो आणि मोठ्यानं शब्द देतो. तरीही कावळा आलाच नाही, तर दर्भाचा करून पिंडाला लावतात. (शहरांत हल्ली हे वरचेवर.) श्रद्धा असो-नसो, घरातले अडलेले विषय चारचौघांत बोलायला लावणारा इतका नेमका विधी दुसरा नसेल. तेराव्याला गोडाचं जेवण होतं.

सगळंच दिलासा देणारं नाही. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं म्हणजे जखमेवर मीठच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं.