पिकते तेथेच वाढावे
(केळ्याच्या थरांचे एक सोपे पक्वान्न)

'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ खान्देशात राहून गेलेला असावा, असे मला पुष्कळदा वाटते. तापीच्या काठाने रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांतून केळीच्या बागा दृष्टी पोहोचेल तेथवर पसरल्या आहेत. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून येथील केळी आगगाडीत बसून दूर उत्तरेस जात आली आहेत. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ज्या फैजपुरास झाले, ते गावही याच केळीच्या मुलखातले. २०१६ साली तर जळगावच्या केळ्यास भौगोलिक मानांकन मिळून त्याच्या नावावर सरकारी शिक्कामोर्तब झाले. असे असूनही जळगावातील सुशिक्षित घरी पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढे काय येते? बाहेरगावचे डबाबंद श्रीखंड, नाहीतर हलवायाची बर्फी! केळे आपले माजघरातल्या फणीवरच राहते. ते मुलांच्या मधल्या वेळचे, उपवासाचे, आणि फार तर सत्यनारायणाच्या शिऱ्यातले. केळीचे खांब दाराशी, केळीचे पान पाहुण्यापुढे. परंतु त्या पानावर केळे वाढावयास मात्र आपण संकोचतो.

हा संकोच आमच्या घरी कसा मोडला, हे सांगण्याकरिता प्रस्तुत लेख लिहीत आहे. त्यात पाककृती आहेच. परंतु तिच्या निमित्ताने घडलेली दुसरी एक गोष्टही आहे, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

आमचे घर जळगावचे. तीन पिढ्यांची चौदा माणसे एका छपराखाली नांदतात. अक्षय्य तृतीयेस खान्देशात 'आखाजी' म्हणतात, आणि हा सण मुख्यतः सासुरवाशिणींचा. लेकींनी माहेरी यावे, झोक्यावर बसावे, गाणी म्हणावीत, चार दिवस मोकळेपणी श्वास घ्यावा, असा या सणाचा हेतू. धुळ्यास दिलेल्या आमच्या वन्सं दर आखाजीस पारोळा-एरंडोलच्या वाटेने येतात. दोन वर्षांपूर्वी परत निघताना त्या पायरीवर थांबल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "वहिनी, चार दिवस राहिले खरी, पण आईशी बोलणे असे झालेच नाही. ती आपली सदा ओट्यापाशी."

ते अक्षरशः खरे होते. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. वैशाखात जळगावचा पारा ४४ अंशांच्याही वर चढतो. अशा दिवसांत पहिल्या दिवशी पुरणपोळी व आमरस, दुसऱ्या दिवशी खापरावरचे मांडे, तिसऱ्या दिवशी बासुंदी, असा त्यांचा बेत ठरलेला. लेकीच्या पानात पडावयाचे ते आपल्या हातचेच, हा त्यांचा बाणा. आम्ही सुना कितीही विनवीत असू. पण बासुंदीच्या पातेल्यापाशी दोन दोन तास उभ्या राहावयाच्या त्या स्वतःच. लेकीवरील माया दाखवावयाची ती रीतच मायलेकींच्या आड येत होती, हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

तेव्हापासून मी असे पक्वान्न शोधू लागले की जे आदल्या दिवशी करून ठेवता यावे, ज्यास विस्तवापाशी पाव तासाहून अधिक उभे राहावे लागू नये, आणि तरीही जे पाहुण्यापुढे मानाने ठेवता यावे. ते मला सापडले ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील एका घरगुती रीतीत. तिकडे दुधाचे दाट कस्टर्ड, गोड बिस्किटे व केळ्याच्या चकत्या यांचे थर एकावर एक रचून एक गोड पदार्थ करतात. तिकडच्या रीतीत अंडी असतात आणि कित्येक घरी तो वरून भट्टीत भाजतातही. आपणांस या दोहोंचीही गरज नाही.

अंडे टाळण्याची सोय तर पूर्वीच होऊन गेलेली आहे. १८३७ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने मक्याच्या सत्त्वापासून कस्टर्डची भुकटी तयार केली. कारण त्याच्या पत्नीस अंडी सोसत नसत. एका विलायती गृहस्थाने बायकोच्या प्रकृतीसाठी काढलेली ही तोड पुढे आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरांच्याही उपयोगी पडली! बिस्किटांविषयी मात्र आमच्या मामंजींनी हसत हसत एक इतिहास ऐकविला. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे, गोखले यांसारख्या मंडळींवर केवढे ग्रामण्य आले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसे गेले, हे वाचकांस ठाऊक असेलच. ज्या समाजात चहाच्या पेल्यापायी प्रायश्चित्ताची भाषा झाली, त्याच समाजातील आजीबाई आज चहात बिस्कीट बुडवून नातवास भरवितात. तेव्हा बिस्कीट पानात आल्याने कोणी बिचकू नये. पुडक्यावरील हिरव्या ठिपक्याची खूण पाहून घेतली म्हणजे झाले.

केळ्यांची निवड

या पदार्थाचे यश निम्म्याहून अधिक केळ्यांवर अवलंबून आहे. आमच्याकडे पूर्वी बसराई, श्रीमंती या जातींचा बोलबाला होता. अलीकडे ऊतिसंवर्धित रोपांपासून होणारे ग्रँड नैन जातीचे लांब, भरदार केळे सर्वत्र दिसते. जात कोणतीही असो. साल पूर्ण पिवळी होऊन तिच्यावर तपकिरी ठिपके नुकते दिसू लागलेले केळे या कामी उत्तम. देठाशी हिरवे असलेले तुरट लागते, व साल काळवंडलेले थरांत लगदा होऊन बसते. ते शिकरणीस ठेवावे.

कच्ची फणी मिळाल्यास ती कागदात गुंडाळून, सोबत एक पिकलेले केळे घालून, झाकणाच्या खोक्यात ठेवावी. पिकलेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो व तो शेजारच्या फळासही पिकवितो. तीन-चार दिवसांत फणी सारखी पिवळी होते. कच्चे केळे फ्रीजमध्ये कदापि ठेवू नये; थंडीने त्याचे पिकणे अडते व साल काळी पडते. कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. वरून पिवळीधमक पण आत कठीण व बेचव अशी केळी दिसल्यास ती घेऊच नयेत.

साहित्य (दहा ते बारा माणसांकरिता)

सायीचे दूध १ लिटर, कस्टर्डची भुकटी ६ मोठे सपाट चमचे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, साधी गोड बिस्किटे २५० ग्रॅम, मध्यम आकाराची केळी ८, घरची दाट साय १ मोठी वाटी, पिठीसाखर २ चमचे, वेलदोडे ६, जायफळ चिमूटभर, अर्धे लिंबू, वरून घालावयास थोडी चारोळी किंवा पिस्त्याचे काप. भांडे काचेचे व सुमारे ३ लिटरचे असावे, म्हणजे थर बाहेरून दिसतात आणि मुलांस त्याची मौज वाटते.

कृती

लिटरभर दुधातून एक वाटी थंड दूध बाजूस काढून त्यात कस्टर्डची भुकटी नीट कालवावी. गुठळी राहू देऊ नये. ही भुकटी गरम दुधात थेट टाकल्यास तिच्या गाठी होतात व त्या मग काही केल्या मोडत नाहीत. उरलेले दूध साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात उकळावे. उकळी येताच आच मंद करून कालवलेले मिश्रण धारेने ओतावे व एका हाताने सारखे ढवळीत राहावे. दाटपणा येऊ लागला म्हणून लगेच उतरवू नये. बुडबुडे येईतो आणखी दोन मिनिटे शिजवावे, म्हणजे कच्चट चव राहत नाही व थर पुढे पाणी सोडीत नाही. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली असता ती तशीच टिकली की झाले असे समजावे. वेलदोड्याची पूड व जायफळ घालून पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवावे आणि मधून मधून ढवळावे, म्हणजे वर साय धरणार नाही.

कस्टर्ड कोमट झाले की केळी सोलून पाऊण बोट जाडीच्या चकत्या कराव्यात. आधी चिरून ठेवू नयेत. चिरलेल्या केळ्यास हवा लागली की ते तांबूस पडते. चकत्यांवर लिंबाच्या रसाचे चार थेंब शिंपडून हलक्या हाताने हालवावे. रस याहून अधिक नको. केळे आंबट होईल आणि दुधासही ते सोसणार नाही.

आता थर रचावेत. तळाशी पळीभर कस्टर्ड, त्यावर बिस्किटे एकास एक लावून, त्यांवर केळ्याच्या चकत्या, आणि पुन्हा कस्टर्ड. असे तीन थर होतात. प्रत्येक वेळी चकत्या कस्टर्डखाली पूर्णपणे झाकल्या गेल्या पाहिजेत. सर्वांत वर कस्टर्ड यावे. साय पिठीसाखरेसह रवीने हलकेच घुसळून, लोणी येण्यापूर्वी थांबून, ती वर पसरावी. झाकण ठेवून भांडे फ्रीजमध्ये किमान पाच-सहा तास, शक्य तर रात्रभर ठेवावे. तेवढ्या वेळात बिस्किटे दुधाचा ओलावा शोषून पोळीसारखी मऊ होतात आणि सुरी घातली असता थर सुबक कापले जातात. चारोळी वाढतेवेळी घालावी. आधी घातल्यास ती मऊ पडते.

काही सूचना

कस्टर्ड अगदी गार होऊन घट्ट बसल्यावर थर लावू गेल्यास ते तुकड्यातुकड्यांनी पडते. फार कढत असताना लावल्यास बिस्किटांचा चिखल होतो. कोमट हीच योग्य वेळ. कस्टर्डची भुकटी नसल्यास तितकेच कॉर्नफ्लोअर घेऊन त्यात दुधात खललेले केशर घालावे. मात्र मक्याचे पिवळे पीठ म्हणजे कॉर्नफ्लोअर नव्हे, हे लक्षात ठेवावे. उपवासाचे दिवशी बिस्किटांऐवजी राजगिऱ्याचे लाडू चुरून व भुकटीऐवजी आरारूट घेऊन हाच पदार्थ होतो. खान्देशच्या उन्हाळ्यात तो पंक्तीत तासभराहून अधिक बाहेर राहू देऊ नये, आणि उरल्यास दुसऱ्या दिवशी संपवून टाकावा.

आयुर्वेदात केळे व दूध यांचा संयोग विरुद्ध मानलेला आहे, ही गोष्ट काही वाचक काढतील व ते योग्यच आहे. ज्यांस कफाचा विकार आहे त्यांनी बेतानेच घ्यावे. परंतु ज्या घरी शिकरण पिढ्यान् पिढ्या चालत आली, तेथे सणावारी एक वाटी कोणी वर्ज्य करील असे वाटत नाही.

खर्चाचेही दोन शब्द. इतक्याच माणसांना बासुंदी करावयाची तर तीन-चार लिटर दूध आटवावे लागते. येथे एका लिटरात काम होते. शिवाय केळे घरचे, निदान गावचे. वैशाख-ज्येष्ठातील एका वादळाने उभी बाग घटकेत आडवी होते, आणि भाव पडला म्हणजे वर्षभराच्या श्रमाचे मोल हाती येत नाही. आपल्या एका डझनाने शेतकऱ्याचे दैन्य फिटणार नाही, हे खरे. तथापि ज्या जिल्ह्याने देशास केळे दिले, त्या जिल्ह्यात ते पाहुण्यास वाढणे कमीपणाचे समजले जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

गेल्या आखाजीस हे पक्वान्न मी प्रथम सुचविले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "विस्तवापाशी घाम गाळला नाही ते पक्वान्न कसले गं? लेकीला का बिस्किटे वाढू?" मी वाद घातला नाही. संध्याकाळी कस्टर्ड तेवढे मी शिजवून आणले, आणि काचेचे भांडे, बिस्किटे व केळी माजघरात त्यांच्या पलंगापाशी ठेवून म्हटले, "एवढे थर मात्र तुम्हीच लावून द्या. मला ते जमावयाचे नाहीत." थर लावणे हे बसून करावयाचे काम. वन्सं केळी चिरावयास त्यांच्या शेजारी बसल्या. तीन थर लावावयास फार तर वीस मिनिटे पुरतात. त्या दोघींना त्या संध्याकाळी दीड तास लागला. आम्ही कोणी आत गेलो नाही. आतून मधून मधून हसण्याचा आवाज येई, मधून मधून काहीच येत नसे.

दुसऱ्या दिवशी पंगतीत सर्वांनी दोनदा मागून घेतले. धुळ्याच्या जावईबापूंनी नाव विचारले, तेव्हा सासूबाई कोणी काही बोलण्यापूर्वीच म्हणाल्या, "ही थरांची शिकरण. आमच्या जळगावची." तेव्हापासून आमच्याकडे तिचे तेच नाव रूढ झाले आहे.