नऊ टाक्यांची कवटी

मे 1951. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर, गनिस्टर नावाच्या वस्तीजवळ, दोघे जण जळणासाठी दलदलीतली काळी माती खणत होते. खणताना पुरलेला एक माणूस सापडला, सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा. शरीराचं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, पण त्या आम्ल मातीत लोकर टिकली होती. टोप्या, हातमोजे, पायमोजे आणि एक छोटी विणलेली थैली. थैलीत 1690 पर्यंतची नाणी होती आणि थैलीवर लाल-पांढरी नक्षी. शेटलंडमध्ये सापडलेला दुरंगी विणकामाचा हा सर्वांत जुना नमुना मानला जातो.

आज त्याच पद्धतीने विणणारे लोक हॅलोवीनच्या सुमारास टोप्यांवर कवट्या, हातमोज्यांवर वटवाघळं आणि मफलरवर भुतं आणतात. गंमत म्हणून आपण ती बघतो आणि पुढे जातो. पण असा एखादा नमुना रचतात कसा, हे समजून घेतलं की थक्क व्हायला होतं.

पहिली गोष्ट धाग्याची. शेटलंडजवळच्या फेअर आयलचं नाव मिळालेल्या या विणीत एका ओळीत दोनच रंग असतात. ज्या रंगाची पाळी नाही, तो धागा तोडत नाहीत. तो मागच्या बाजूने आडवा नेतात आणि पाळी आली की पुढे घेतात. त्यामुळे कापड आपोआप दुपदरी होतं, दोन पदरांमध्ये हवा अडकते आणि ऊब वाढते. बाहेर दिसणारं चित्र आणि आत जाणवणारी ऊब एकाच हालचालीतून तयार होतात.

मात्र हा मागचा धागा अटीही घालतो. एका रंगाचे पाच-सात टाके सलग आले, की मागे तेवढाच लांब धागा लोंबतो. हातमोजा घालताना त्यात बोट अडकतं, अंगठी अडकते. धागा ओढून घट्ट करावा तर कापड चुणतं. काळ्या रात्रीत एकटंच पांढरं भूत काढायचं म्हटलं, तर भुताभोवतीच्या रिकाम्या अंधारात पांढरा धागा नेणार कुठून? म्हणून रचनाकार त्या आकाशात चांदण्या पेरतो, हाडं विखुरतो, बर्फाचे ठिपके टाकतो. बघणाऱ्याला ती सजावट वाटते. खरं तर प्रत्येक चांदणी म्हणजे मागचा धागा पुढे येण्याची जागा असते.

कवटी मात्र या विणीला फारच मानवते. नऊ टाके रुंदीची कवटी घ्या. डोळ्यांची ओळ अशी: दोन पांढरे, दोन काळे, एक पांढरा, दोन काळे, दोन पांढरे. त्याखाली नाकाचा एकच काळा टाका बरोबर मधोमध, कारण नऊ ही विषम संख्या आहे. दातांसाठी एकाआड एक पांढरा-काळा. फक्त कपाळाच्या सलग पांढऱ्या ओळीत काळा धागा मागे एकदा अडकवून घ्यावा लागतो. बाकी काम आपला मेंदू करतो. दोन काळे डाग आणि खाली एक डाग दिसला की तिथे चेहरा पाहिल्याशिवाय त्याला राहवतच नाही. दोन कवट्यांमध्ये तीन टाके मोकळे सोडले, तर बारा टाक्यांत एक कवटी बसते आणि 120 टाक्यांच्या टोपीभोवती दहा कवट्या कुठेही न तुटता फेर धरतात.

कागदावरची कवटी आणि सुयांवरची कवटी एकसारखी नसते. विणीचा टाका चौकोनी नसून उंचीपेक्षा रुंद असतो. साध्या सुलट विणीत साधारण 5 टाक्यांची रुंदी 7 ओळींच्या उंचीएवढी भरते. भरतकामाचा चौकटींचा आलेख जसाच्या तसा उचलला, तर कवटी चेपते. दुरंगी विणीत हा फरक कमी होतो, पण किती, ते लोकर आणि हात ठरवतात. म्हणून आधी छोटा तुकडा विणून मोजायचा आणि मगच आलेख काढायचा.

रंगांचंही तसंच. केशरी आणि जांभळा शेजारी ठेवले की डोळ्यांना भडक वाटतात. पण दोघांचा गडदपणा सारखा असेल, तर लांबून चित्र विरघळून जातं. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की हे लगेच कळतं. शिवाय मागे नेताना जो धागा खालून जातो, त्याचे टाके किंचित मोठे होतात आणि तो रंग उठून दिसतो. म्हणून कवटीचा रंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत खालूनच न्यायचा.

वस्तूचा आकारही चित्र सुचवतो. नॉर्वेतल्या सेल्बू गावात 1857 साली मारित एम्स्टाड या मुलीने काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांचं फूल विणलं आणि त्या मोज्यांनी गावाला नाव मिळवून दिलं. अशा मोज्याचं टोक निमुळतं असतं. फुलाच्या जागी कवटी ठेवली की तोच आकार शवपेटीसारखा दिसू लागतो. टोपीच्या माथ्यावर तर टाके कमी करावेच लागतात. ते आठ ठिकाणी, मधला पांढरा टाका वर राहील असे कमी केले, तर मध्याकडे धावणाऱ्या आठ रेषा उमटतात. अधूनमधून एखादा पांढरा फेर घातला की कोळ्याचं जाळं पुरं होतं.

या सगळ्यातून टोपी रचण्याचा एक सोपा नियम हाती येतो. ज्या ओळींत चित्र, त्या ओळी दुपदरी. नुसत्या एका रंगाच्या ओळी एकपदरी. वारा सर्वांत आधी कानांना झोंबतो. तेव्हा कवट्यांची रांग मिरवायला कपाळाच्या वर उंच नको. ती कानांवरून जाईल अशीच बसवावी.