आधी वजनकाटा, मग लिफ्ट!

छोट्या फोर बाय फोरला उंच करायची क्रेझ जोरात आहे. पण दोन इंचांच्या लिफ्टने नेमकं काय उंच होतं आणि काय जागचं हलतही नाही? जिम्नी-जिप्सीवाल्या दोस्तांनो, जरा फंडे क्लिअर करूया.

जिम्नीवाल्यांच्या गप्पा कधी ऐकल्यात? मायलेज, सर्व्हिसिंग वगैरे विषय पाच मिनिटांत आटोपतात आणि मग गाडी एकाच स्टेशनवर येऊन थांबते, ‘किती इंच टाकली?’ ताम्हिणीच्या एखाद्या टपरीवर पावसात चहा पिताना मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी उलटा प्रश्न विचारते, ‘गाडीचं वजन किती?’ समोरचा हमखास गप्प होतो. आणि खरा मामला तर तिथेच आहे, बॉस!

350 किलोंचं बजेट
भारतात पाच दरवाजांची जिम्नी 2023 मध्ये आली. रिकामी गाडी साधारण 1200 किलोंची. कंपनीने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा, म्हणजे माणसं आणि सामानासकट, 1545 किलो. वजाबाकी करा. हातात उरतात जेमतेम 350 किलो.

आता खर्च मांडू. 70 किलोंची चार माणसं म्हणजे 280. उरले 70. त्यात पुढे स्टीलचा दणकट बंपर आणि विंच लावलं, की ते दोन्ही मिळून 60-70 किलो आरामात खातात. बजेट संपलं! टपावरचा कॅरियर, त्यावरचा तंबू, पाण्याचा 20 लिटरचा कॅन (म्हणजे सरळ 20 किलो), टो-स्ट्रॅप, जॅक, आणि शेवटी मित्राच्या आईने दिलेला लाडवांचा डबा, हे सगळं उधारीवर.

इथे एक गैरसमज फार पॉप्युलर आहे. ‘अरे, हेवी स्प्रिंग टाकल्यात, आता कितीही भर!’ नाही हो. स्प्रिंग बदलली की गाडी मागून बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच, ॲक्सल तेच, बेअरिंग तेच, चासीही तीच. 1545 चा आकडा स्प्रिंगने वाढत नाही. उलट मागचा भाग बसलेला दिसत नसल्याने आपण जास्त लादलंय हे कळतही नाही. आणि हे समजायची जागा वरंधा घाटाचा उतार असू नये.

दोन इंच जातात कुठे?
लिफ्ट किट लावल्यावर वर जाते ती बॉडी आणि चासी. जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहे आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोळा लटकलेला असतो. कंपनी जो 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स सांगते, त्याची गाठ या गोळ्याशी आहे. तो चाकांना जोडलेला, स्प्रिंगच्या खाली. त्यामुळे तुम्ही दोन इंच टाका नाहीतर चार, दगडाला आपटणारा तो गोळा जिथल्या तिथेच!

तो उचलायचा एकच मार्ग, मोठे टायर. तिथेही हिशोब कंजूष आहे. टायरचा व्यास जितका वाढेल, त्याच्या निम्माच क्लिअरन्स मिळतो. जिम्नीच्या 195/80 आर 15 ऐवजी 215/75 आर 15 घातला तर व्यास साधारण 10 मिलिमीटरने वाढतो. फायदा? फक्त 5 मिलिमीटर. 235/75 आर 15 घातला तर 20 मिलिमीटर मिळतात. पण चाक सहा टक्क्यांनी मोठं झाल्याने स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागतो आणि चढावर पिकअप मंदावतो. जड टायरचा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

मग लिफ्ट बिनकामाची का? मुळीच नाही. पाच दरवाजांच्या जिम्नीचा व्हीलबेस 2590 मिलिमीटर आहे, तीन दरवाजांच्या भावंडाचा 2250. लांब पोटाची गाडी उंचवट्यावरून जाताना मधेच टेकते. तिथे दोन इंच खरोखर कामाला येतात. बंपरचे कोपरे वाचतात, मोठ्या टायरला फिरायला जागा मिळते. गरज त्याची असेल तर जरूर करा. पण आधी रस्त्यावर टेकतंय काय, ते वाकून बघा.

लिफ्टचं बिल नंतर येतं
सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो म्हणून ती सरळ जाते. गाडीतही तसाच तिरकेपणा असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. जिम्नी उचलली की पुढचा ॲक्सल किंचित फिरतो आणि हा कॅस्टर कमी होतो. परिणाम? एक्सप्रेस-वेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. त्यासाठी कॅस्टर करेक्शनचे बुश मिळतात. शिवाय लॅटरल रॉडमुळे अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो, तो मधे आणायला ॲडजस्टेबल रॉड लागतो. शॉक ॲब्झॉर्बर नव्या उंचीला पुरेल इतके लांब हवेत आणि ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, तेही पाहावं लागतं. नुसत्या स्प्रिंगच्या किमतीवर बजेट आखू नका.

जुन्या जिप्सीला कॉइल स्प्रिंग नाहीत, पाटे आहेत. तिथे गॅरेजवाले लांब शॅकल लावून झटपट उंची देतात. स्वस्त आणि मस्त! पण शॅकल जितकं लांब, तितकी गाडी वळणावर आडवी डुलते. त्यापेक्षा नीट बनवलेले नवे पाटे बरे.

आणि तोल? जिम्नी 1645 मिलिमीटर रुंद आणि 1720 उंच आहे, म्हणजे मुळातच रुंदीपेक्षा उंची जास्त. तिला उचलून टपावर 60 किलो ठेवले, की आडव्या उतारावर पोटात गोळा येणारच. जड सामान खाली, पुढच्या सीटच्या पाठीला चिकटून आणि पक्कं बांधून. टपावर जायचं ते हलकं-फुलकं, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मर्यादेत.

स्प्रिंग निवडताना
आफ्टरमार्केट स्प्रिंग साधारणतः ‘लाइट’, ‘मीडियम’, ‘हेवी’ अशा येतात. हा आकडा वर्षातून एकदा होणाऱ्या लडाख ट्रिपचा नसतो, गाडीवर कायम असणाऱ्या वजनाचा असतो. सोमवार ते शुक्रवार एकटेच हिंजवडीला जात असाल तर हेवी स्प्रिंग रिकाम्या गाडीत दणादण उडवेल आणि खड्ड्यांत चाकाची पकडही सुटेल. पुढे विंच आणि मागे काहीच नाही, असं असेल तर पुढे जड आणि मागे हलकी, अशी जोडीही निवडता येते.

चेकलिस्ट
• ट्रिपच्या सामानासकट, माणसांसकट गाडी हायवेवरच्या वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची.
• ॲक्सेसरी घेताना किमतीआधी किलो विचारा.
• पहिलं मॉडिफिकेशन फुकटातलं करा. चिखल-वाळूत टायरची हवा 18 पीएसआयच्या आसपास आणा, वेग अगदी कमी ठेवा, डांबरावर आलात की पुन्हा भरा.
• मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.
• लिफ्टनंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा तपासलीच पाहिजे. समोरच्याचे डोळे दिपवणं हे काही ऑफ-रोडिंग नव्हे!

वजनकाट्याची पावती शे-दोनशेत मिळते, लिफ्ट किटला हजारो मोजावे लागतात. काय आधी घ्यायचं, तुम्हीच ठरवा. पावती बघून कित्येकांना कळतं, की उंची वाढवायची नव्हतीच, डिकीतलं निम्मं सामान घरी ठेवायचं होतं.