फाईलचे नाव नव्हे, हॅश पाहा

थानाच्या किनारीवर गिरणीचा छाप असतो, पण छाप कोणीही मारू शकतो, हे कापडवाल्यांना सांगायला नको. संगणकाच्या सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. पेन ड्राइव्हवरून आलेल्या बिलिंगच्या प्रोग्रामला हुबेहूब कंपनीचे नाव आणि चिन्ह देता येते. आत काय शिरले आहे ते वरून दिसत नाही, आणि अशा फाईलच्या हवाली आपण येणेबाकी, खाती, बँकेचा व्यवहार, सारे काही करतो.

याची पारख ‘हॅश’ने होते. एसएचए-२५६ ही रीत फाईलचा कण न् कण हिशेबात घेऊन ६४ खुणांची एक ओळ काढते. फाईल लहान असो की मोठी, ओळ तेवढीच. आत एक अक्षर बदलले तरी ओळ पार बदलते. हा छाप वरून मारलेला नसून मालातूनच निघतो, हीच त्याची खुबी. जुन्या एमडी-५ रीतीवर मात्र भिस्त ठेवू नये. दोन वेगळ्या फाईलींची एकच ओळ निघू शकते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये झाली.

विंडोजच्या संगणकात हॅश काढणारा ‘सर्टयुटिल’ हा प्रोग्राम असतोच. मुलाला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. निघालेली ओळ कंपनीने दिलेल्या ओळीशी ताडून पाहायची.

ती ओळ कोठून घ्यायची, हा मात्र नाजूक मामला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’च्या वेबसाईटमध्ये चोर शिरले आणि त्यांनी डाऊनलोडचा दुवा बिघडवलेल्या फाईलकडे वळवला. जो दुवा बदलू शकतो, तो त्याच पानावरची हॅशही बदलू शकेल. म्हणून माल एका वाटेने आला तर ओळ दुसऱ्या वाटेने मागवावी.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेकडे माहीतगार सॉफ्टवेअरच्या फाईलींच्या हॅशची मोठी यादी आहे. जप्त केलेल्या संगणकातल्या ओळखीच्या फाईली तपासनीस तिच्या आधारे बाजूला काढतात. पण यादीत नाव आहे म्हणजे माल साफ आहे, असे नव्हे. तिच्यात घुसखोरीची हत्यारेही नोंदलेली आहेत. उलट, आपल्या गावच्या मुलाने लिहिलेला चोख प्रोग्राम तिच्यात सापडायचा नाही. त्याची ओळ त्यालाच फोन करून विचारावी, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा विचारावी.